हिरवळ प्लास्टिकची, उतार डोंगराचा

लोणावळ्यापासून महाबळेश्वरापर्यंत घाटमाथ्यावरच्या बंगल्यांमागे कृत्रिम हिरवळीची कोर्टे दिसू लागली आहेत. बॉक्स क्रिकेट, पिकलबॉल, लहानग्यांचा फुटबॉल असे सगळे खेळ एकाच जागेत होतात. चिखल नाही, गवत कापायचे नाही, पाऊस उघडला की लगेच खेळ सुरू. मुले मोबाइल बाजूला ठेवून अंगणात उतरत असतील, तर या हौसेला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र सपाट भूखंडावरचे काम डोंगरउतारावर जसेच्या तसे उचलून नेले, की त्याचे परिणाम कुंपणाबाहेर जातात. म्हणूनच डोंगरातले कोर्ट आखताना पहिला विचार पाण्याच्या वाटेचा व्हायला हवा.

या हिरवळीला जगभर ओळख मिळाली ती १९६६ साली, अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातल्या अॅस्ट्रोडोममध्ये. ते बंदिस्त छपराचे, सपाट तळाचे क्रीडागार होते. आपल्याकडे तीच वस्तू महाबळेश्वरात अंथरायची, तर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तोही बहुतेक चार महिन्यांत, हे गृहीत धरून काम करावे लागते. गिऱ्हाईक गवताचा रंग, पात्यांची उंची आणि चौरस फुटाचा दर पाहते. कोर्ट टिकणार की खचणार हे ठरते ते त्याखालच्या दीड-दोन फुटांत आणि बाजूच्या भिंतीत.

पिकलबॉलचे कोर्ट धावायच्या मोकळ्या जागेसह ६० बाय ३० फुटांचे धरले जाते. जमीन आठास एक अशी, म्हणजे तशी सौम्य उतरती असली, तरी ३० फुटांत पावणेचार फुटांचा फरक पडतो. वरच्या अर्ध्या भागाची खोदाई करून तीच माती खालच्या अर्ध्यात टाकायची म्हटली, तर साधारण साडेआठ ब्रास भराव होतो. भिजल्यावर त्याचे वजन चाळीस टनांच्या पुढे जाते. हा भार नव्याने टाकलेल्या, अजून न बसलेल्या मातीचा असतो आणि त्याचा रोख उताराकडे असतो.

त्यात पाणी मुरते. टर्फच्या, म्हणजे या कृत्रिम हिरवळीच्या, पाठीला भोके असतात आणि पाणी चटकन खाली जाते, हा तिचा गुण म्हणून सांगितला जातो. सपाटीवर तो गुणच आहे. पण घाटमाथ्यावर जुलैत एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस नवलाचा नाही, आणि तेवढ्या पावसात या एका कोर्टावर ३३ हजार लिटर पाणी पडते. त्याला वेगळी वाट दिली नाही, तर ते भरावात उतरते, मातीच्या कणांमधला दाब वाढवते आणि संरक्षक भिंतीला मागून रेटते. वरच्या जांभ्यातून झिरपलेले पाणी खालच्या चिकण थरावर अडून आडवे वाहते, त्याची भर वेगळीच. भिंतीला पोट येते, कडेची फरशी उकलते, टर्फचे सांधे उसवतात. ही आधीची लक्षणे असतात. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. अतिवृष्टी हे त्याचे मोठे कारण होते, तरी उतारावरच्या सपाटीकरणाचीही तेव्हा गांभीर्याने चर्चा झाली. परसातल्या एका कोर्टाची तुलना त्या आपत्तीशी करणे योग्य नाही. पण उतार कापताना कोणती शक्ती आपण छेडतो, याचे भान त्या घटनेने दिले आहे.

नीट काम करता येते, आणि ते अवघड नाही. कोर्टाची लांबी उताराला आडवी ठेवावी, म्हणजे खोदाई कमी होते. वरच्या अंगाला पक्का चर काढून डोंगराचे पाणी कोर्टाला वळसा घालून न्यावे. भराव एकदम न ओतता थराथराने टाकून प्रत्येक थरावर रोलर फिरवावा. त्यावर जिओटेक्स्टाइल कापड, मग खडी, वर कच, आणि शंभराला एक इतका ढाळ. भिंतीच्या पाठीशी खडीचा पट्टा आणि भिंतीत पाणी बाहेर पडायला भोके (वीप होल) हवीतच. सुटीचा मुहूर्त गाठण्यासाठी मे महिन्यात घाईने केलेला भराव जूनमध्ये दगा देतो. दिवाळीनंतर काम काढले, तर माती बसायला अवधी मिळतो.

दुसरी जबाबदारी प्लास्टिकची. पॉलिइथिलीनची पाती उन्हाने ठिसूळ होऊन तुटतात. पात्यांमध्ये जुन्या टायरचा रबरी चुरा भरलेला असेल, तर तो पावसात वाहून जातो. कृष्णा, कोयना, वेण्णा या नद्यांचे उगम याच डोंगरांत आहेत, हे विसरून चालणार नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम करून अशा प्लास्टिक आणि रबरी भरणीची विक्री ऑक्टोबर २०३१ पासून बंद करण्याचे ठरवले आहे. आपण निदान वाळूची भरण निवडावी, कडेला उंच काठ बांधावा आणि चराच्या तोंडाशी गाळखड्डा ठेवावा. आठ-दहा वर्षांनी निघणारी जुनी टर्फ कुठे जाणार, हेही करारातच लिहून घ्यावे. ती दरीत ढकलणे हा उपाय नव्हे.

राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीने १:५ आणि त्याहून तीव्र उतारावर विकासाला आणि जमीन कापण्याला बंदी घातली आहे. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून आणि माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहेत. वर छप्पर नाही, भिंती नाहीत, म्हणून कोर्ट हे बांधकामच नाही, ही पळवाट कुणी शोधू नये. भराव आणि भिंत यांचा आराखडा स्थापत्य अभियंत्याच्या सहीने मागण्याची सवय नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनी लावून घ्यावी. घरमालकाने ठेकेदाराला शेवटचा हप्ता पहिला पावसाळा पार पडल्यावर, भिंत आणि चर स्वतः पाहून द्यावा. उताराच्या पायथ्याशी राहणाऱ्या शेजाऱ्याला आपले पाणी कुठून जाणार हे काम सुरू होण्याआधी सांगावे. तो विचारील तेव्हा समाधानकारक उत्तर देता येत नसेल, तर त्या वर्षी जेसीबी बोलावू नये.