अँटिलोपचं पोस्ट ऑफिस

गेल्या आठवड्यात एका साखरपुड्याच्या पंगतीत सदरकर्त्याच्या शेजारच्या पानावर बसलेल्या गृहस्थांनी मठ्ठ्यापासून जिलबीपर्यंत ओशोंचं अमेरिकापुराण ऐकवलं. पुण्यात यात नवल नाही. कोरेगाव पार्कात कधीकाळी भाड्याने राहिलेला माणूससुद्धा या विषयातला अधिकारी असतो. कथेचा क्रमही ठरलेला: ९३ रोल्स रॉइस, शीला, सॅलडवर टाकलेले जंतू, अटक, विमान, परत पुणे. २०१८ साली नेटफ्लिक्सवर ‘वाइल्ड वाइल्ड कंट्री’ आल्यापासून तर ज्यांनी कोरेगाव पार्क रिक्षातूनही पाहिलेलं नाही, तेही या पुराणाचे कथेकरी झाले आहेत. ते सगळं सदरकर्त्याने मुकाट ऐकून घेतलं. डोकं फिरलं ते एका वाक्याने. “तिथे होतं काय हो? नुसतं माळरान! बाजूला एक भिकार खेडं, त्यात चाळीस म्हातारे,” असं म्हणून गृहस्थांनी दुसरी जिलबी उचलली.

वाचकांना सदरकर्त्याची खोड माहीत आहे. कोणी एखाद्या गावाला ‘तिथे काही नाही’ म्हटलं की तो घरी येऊन नकाशा उघडतो. मागे एका बंद पडलेल्या नॅरोगेज स्टेशनावर लिहिलं, तेव्हा ‘तुम्हाला दुसरे विषय नाहीत का’ अशी पत्रं आली होती. नाहीत.

तर त्या भिकार खेड्याचं नाव अँटिलोप. ऑरेगन राज्य, वॅस्को काउंटी, उंची सुमारे २,६०० फूट. पॅसिफिककडून येणारा पाऊस कॅस्केडची पर्वतरांग अडवते. त्यामुळे पोर्टलंड हिरवंगार, आणि इकडे सेजब्रशची झुडपं, ज्युनिपर आणि वर्षातला बराच काळ पिवळं गवत. १९८० च्या जनगणनेत इथे ३९ माणसं होती, २०२० च्या जनगणनेत ३७. मधल्या चाळीस वर्षांत जगभरच्या वार्ताहरांनी इथे गाड्या लावल्या, गावाचं नाव बदललं, ते परतही आलं, आणि शेवटी फरक पडला तो दोन माणसांचा.

गाव जन्मलं सोन्यामुळे, पण सोनं इथलं नव्हे. १८६२ च्या सुमारास जॉन डे नदीच्या वरच्या अंगाला सोनं सापडलं आणि द डॅल्सहून खेचरांचे तांडे या खोऱ्यातून खाणींकडे जाऊ लागले. हॉवर्ड मॉपिन नावाच्या माणसाने १८६३ मध्ये इथे घोडे बदलायचं ठाणं टाकलं. १८७१ मध्ये पोस्ट ऑफिस आलं. मग मेंढ्या आल्या, लोकर आली, बाजारपेठ उभी राहिली आणि १८९८ च्या उन्हाळ्यात ती जळून खाक झाली. लोकांनी पुन्हा दुकानं बांधली आणि १९०१ मध्ये रीतसर नगराचा दर्जा मिळवला. तेवढ्यात आगगाडी आली, पण ती थांबली आठ मैलांवर, वर पठारावरच्या शॅनिकोला. शॅनिको स्वतःला जगातल्या लोकरीची राजधानी म्हणवून घेऊ लागलं. त्याचाही तोरा फार टिकला नाही. १९११ पर्यंत दुसरा लोहमार्ग डेशूट्स नदीच्या घळीतून थेट बेंडला पोचला आणि शॅनिको बसलं. आज लोक ते भुताचं गाव म्हणून बघायला जातात. अँटिलोपचं तसं झालं नाही. ते मुळात एवढं मोठं झालंच नव्हतं.

याच गावात एच. एल. डेव्हिस यांची पोरवयातली काही वर्षं गेली. त्यांच्या ‘हनी इन द हॉर्न’ या कादंबरीला १९३६ चं पुलित्झर मिळालं. हे सदरकर्ता पंगतीत सांगणारच होता, पण गृहस्थ तोवर हात धुवायला उठले होते.

आता पुण्याचा संबंध. १९७४ पासून कोरेगाव पार्कात असलेल्या ओशोंच्या (तेव्हाच्या रजनीशांच्या) आश्रमाला जागा पुरेनाशी झाली. कच्छमध्ये जमीन शोधून झाली, तिथे जमलं नाही. मग १९८१ च्या जुलैमध्ये रजनीशांच्या सचिव मा आनंद शीला यांनी ऑरेगनमधलं बिग मडी रँच घेतलं: ६४,००० एकरांहून जास्त जमीन, किंमत ५७ लाख ५० हजार डॉलर. अँटिलोपपासून वीसेक मैलांवर. ऑगस्टअखेर खुद्द रजनीश तिथे पोचले.

इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. एवढी जमीन हाताशी असताना या मंडळींना चाळीस माणसांच्या गावात यायची गरज काय पडली, हे मात्र कोणी विचारत नाही. उत्तर मालिकेत रंगवता येणार नाही इतकं रुक्ष आहे. जमीन शेतीची होती. ऑरेगनने १९७३ मध्ये, टॉम मॅककॉल गव्हर्नर असताना, जमीनवापराचा कडक कायदा केला होता. शेतजमिनीवर शहर पसरता कामा नये, हे त्याचं सूत्र. छापखाना, कचेऱ्या, दुकानं काढायची तर ती आधीपासून असलेल्या नगराच्या हद्दीत काढा. आणि जवळची अशी हद्द म्हणजे अँटिलोप. आपल्याकडे ‘एनए’ म्हटलं की माणसाला टेबलाखालचा हात आठवतो. तिथे त्या कायद्यावर नजर ठेवायला ‘थाउजंड फ्रेंड्स ऑफ ऑरेगन’ ही आख्खी संस्थाच होती, आणि ती आश्रमाच्या मागे हात धुऊन लागली. धर्म, लाल कपडे, मुक्त प्रेम हे सगळं होतंच. आश्रमाच्या संन्याशांवर बंदूक रोखल्याची चित्रं छापलेले टी-शर्टही त्या दिवसांत तिकडे विकले जात, तेव्हा स्थानिक सगळेच सोवळ्यातले होते असं कोणी म्हणू नये. पण ठिणगी पडली ती बिगरशेती परवान्यावरून.

पुढचं कळायला हाउसिंग सोसायटीत राहिलेलं असणं पुरेसं आहे. सदरकर्त्याच्या माहितीतल्या एका सोसायटीत (नाव नको, मंडळी लिफ्टमध्ये भेटतात) एका कुटुंबाने दोनेक वर्षांत निम्म्याहून जास्त फ्लॅट घेतले. एक मुलाच्या नावावर, एक सुनेच्या, एक मेहुण्याच्या, एक मेहुण्याच्या आईच्या, ज्या माऊलीने ती इमारत अजून पाहिलेली नाही. पुढच्या वार्षिक सभेत पार्किंगचं फेरवाटप झालं, गच्चीला कुलूप लागलं आणि तुळशीच्या कुंड्या जिन्यातून हलवण्याचा ठराव बहुमताने मंजूर झाला. वर्षानुवर्षं सेक्रेटरी असलेले काका इतिवृत्ताची वही बगलेत मारून घरी गेले. त्यांची तक्रार काय होती? ‘सभेत एकही गोष्ट बेकायदा झाली नाही हो!’ हीच. बेकायदा असती तर निबंधकांकडे जाता आलं असतं. काकांनी नंतर उपविधींचं पुस्तक आणून लाल पेनाने खुणा केल्या, आजूबाजूच्या सोसायट्यांतल्या तीन सेक्रेटऱ्यांना चहाला बोलावलं आणि त्या बैठकीत एवढंच निष्पन्न झालं की चौघांच्याही गच्च्यांना कुलपं आहेत. सदर भरकटलं खरं. पण अँटिलोपची नगरसभा कशी गेली हे काकांइतकं नेमकं कोणी सांगणार नाही.

संन्यासी गावात घरं घेत गेले, राहायला आले आणि मतदार झाले. तेव्हा महापौर मार्गारेट हिल होत्या. गावाने एक विलक्षण डाव टाकला: नगरच बरखास्त करायचं. नगर नाही तर ताब्यात घ्यायला काही उरणार नाही, कारभार काउंटीकडे जाईल. १५ एप्रिल १९८२ रोजी मतदान झालं. बरखास्तीच्या बाजूने ४२, विरोधात ५५. गावाला स्वतःचं विसर्जन करायचं होतं आणि ज्यांना गाव हवं होतं त्यांनी ते करू दिलं नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरच्या निवडणुकीत नगरसभा संन्याशांकडे गेली.

त्यानंतर जे झालं त्यात रोल्स रॉइससारखं भपकेबाज काही नाही; बारीकसारीकच आहे. गावातल्या कॅफेवर ‘झोर्बा द बुद्धा’ अशी पाटी लागली आणि पदार्थ शाकाहारी झाले. गुरं राखणाऱ्या मुलखात सकाळच्या कॉफीबरोबर काय मिळतं आणि काय नाही, हा केवढा प्रश्न असतो हे सांगायला नको. शाळेचा कारभार नव्या मंडळींकडे गेला, तेव्हा जुन्या गावकऱ्यांची मुलं बसने मद्रासला जाऊ लागली. (हसू नये. ऑरेगनमध्ये मद्रास आहे.) ज्या गावाला कधी पोलीस लागला नव्हता तिथे ‘पीस फोर्स’ची गाडी गस्त घालू लागली. बागेत विवस्त्र बसायला परवानगी मिळाली. रस्त्यांची नावं बदलली. एकेक घर विकायला निघालं, आणि घेणारा कोण हे विकणाऱ्याला आधीच माहीत असायचं. १९८४ च्या सप्टेंबरमध्ये मतदान होऊन गावाचंच नाव ‘रजनीश’ झालं. त्याच सप्टेंबरात आणि पुढच्या महिन्यात तिकडे काउंटीच्या मुख्य गावात, द डॅल्समध्ये, दहा हॉटेलांच्या सॅलड बारमध्ये साल्मोनेला मिसळला जात होता. ७५१ लोक आजारी पडले. सुदैवाने कोणी दगावलं नाही. काउंटीच्या निवडणुकीत स्थानिक मतदार घरीच आजारी पडून राहावेत, हा त्यामागचा हिशोब होता.

आणि या सगळ्या काळात पोस्ट खात्याने काय केलं? काहीच नाही. गावाच्या कागदोपत्री नाव बदललं, देशाच्या भौगोलिक नावांच्या मंडळानेही ते मान्य केलं, पण पोस्टाने ‘अँटिलोप’ हेच नाव चालू ठेवलं. नगरसभेच्या ठरावात रजनीश, टपालाच्या पत्त्यात अँटिलोप. निवडणूक हरलेल्या म्हाताऱ्यांना विजेचं बिल, नातवाचं पत्र, बियाणांचा कॅटलॉग हे सगळं जुन्याच पत्त्यावर येत राहिलं. सदरकर्त्याच्या मते या प्रकरणातला सगळ्यात खंबीर प्रतिकार तोच, आणि तो करणाऱ्या खात्याला आपण प्रतिकार करतोय याचा पत्ताही नसावा.

१९८५ च्या सप्टेंबरात शीला युरोपला निघून गेल्या. ऑक्टोबरअखेर रजनीशांना नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटमध्ये अटक झाली, चार लाख डॉलरचा दंड झाला आणि नोव्हेंबरच्या मध्याला त्यांनी अमेरिका सोडली. त्याआधीच, ६ नोव्हेंबरला, गावाने नावावर पुन्हा मतदान घेतलं. ‘अँटिलोप’च्या बाजूने ३४, विरोधात शून्य. मत देणाऱ्यांत मागे राहिलेले संन्यासीही होते. तीन-चार वर्षं ज्यांनी एकमेकांची तोंडं पाहिली नाहीत, त्यांचं निदान एका गोष्टीवर एकमत झालं.

आता गावात ध्वजस्तंभापाशी एक फलक आहे. १९८१ ते ८५ च्या ‘आक्रमणा’च्या काळात जे टिकले, ज्यांनी विरोध केला, त्यांना तो अर्पण केला आहे. त्यांचे आधारस्तंभ होते बिल बॉवरमन, नायके कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक. लहानपणी ते काही काळ जवळच्या फॉसिल गावात राहिले होते, आणि त्यांच्या मुलाची जमीन रँचला लागून होती. फलक वाजवी आहे, गावकऱ्यांनी सोसलंही. पण ‘आक्रमण’ हा शब्द वाचून सदरकर्ता पुन्हा मॉपिनकडे वळला. घोड्यांचं ठाणं टाकणाऱ्या या मॉपिनने १८६७ मध्ये पायूट लोकांचा म्होरक्या पॉलिना याला गोळ्या घातल्या. पॉलिना ठाणी लुटायचा, जनावरं पळवायचा, हे खरंच. पण ज्या खोऱ्यात तो हे करत होता ते त्याच्याच लोकांचं होतं, हेही तितकंच खरं. आज ऑरेगनच्या नकाशावर मॉपिन नावाचं गाव आहे आणि पॉलिना नावाचंही. पॉलिनाच्या नावाने एक तलावही आहे. ध्वजस्तंभाचा फलक मात्र १९८१ च्या मागे जात नाही.

रँचचं पुढे काय झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९१ मध्ये डेनिस वॉशिंग्टन या उद्योगपतीने ते घेतलं आणि काही वर्षांनी ‘यंग लाइफ’ या ख्रिस्ती युवक संस्थेला दान केलं. ८८,००० चौरस फुटांचं रजनीश मंदिर आता मुलांचं क्रीडागृह आहे. उन्हाळ्यात हजारो मुलं शिबिराला येतात. आणि जमीन तर शेतीचीच! त्यासाठी राज्याच्या विधिमंडळाने युवक शिबिरांपुरती कायद्यात सोय करून दिली. कायदा वाकतो की नाही हे विचारणारा कोण यावर ठरतं, असं त्या सोसायटीतले काका म्हणतील. सदरकर्ता त्यांच्याशी या बाबतीत वाद घालणार नाही.

हिल्सबरोला इंटेलमध्ये ज्यांची मुलं-सुना आहेत असे या सदराचे वाचक पुष्कळ आहेत. पुढच्या खेपेला आउटलेट मॉलमधला एक दिवस वाचवून इकडे जावं. पोर्टलंडहून माउंट हूडच्या बाजूने मद्रास, तिथून ९७ नंबरचा हायवे उत्तरेला, मग २९३ ने अँटिलोप. पुढे २१८ चा वळणावळणाचा रस्ता क्लार्नोला जातो. तिथले सुळके सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या चिखलाचे आहेत. त्यापुढच्या फॉसिल गावात शाळेच्या मागच्या टेकाडावर किरकोळ फी भरून कोणालाही दगड उकलून बघता येतो, आणि सापडलेले पानांचे थोडे ठसे घरीही नेता येतात. हिवाळ्यात बर्फ असतो, मे नाहीतर सप्टेंबर बरा. पेट्रोल मद्रासमध्येच भरून घ्यावं.