ऑरेंज अलर्ट आहे, पण बाजारपेठेत पाणी येणार का?

जुलै उजाडला की खारेपाटणात दोन प्रश्न एकदमच विचारले जातात. शेतकरी विचारतो, लावणीला उघडीप मिळेल का? बाजारपेठेतला दुकानदार विचारतो, माल माळ्यावर चढवू का? दोघांच्याही मोबाइलवर हवामान खात्याचा एकच संदेश असतो : ‘सिंधुदुर्ग, ऑरेंज अलर्ट’. त्यातून उत्तर काढायचं, तर तो संदेश नेमकं काय सांगतो हे समजून घ्यावं लागतं.

हा इशारा संपूर्ण जिल्ह्यासाठी असतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे कृती करा. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे ‘जोरदार’, २०४.४ पर्यंत ‘अति जोरदार’ आणि त्यापुढे ‘अत्यंत जोरदार’. पण जिल्ह्यात एका टोकाला वेंगुर्ल्याचा किनारा आणि दुसऱ्या टोकाला वैभववाडीचा घाट. दोन्हीकडे सारखाच पाऊस पडेल, असं हा रंग सांगत नाही.

खारेपाटणचं पाणी ठरतं ते मुख्यतः वर, सह्याद्रीच्या पायथ्याशी. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे डोंगराला अडून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर किनाऱ्यापेक्षा जास्त पाऊस पाडतात. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा कोटी लिटर पाणी. भिजून तृप्त झालेली जमीन त्यातलं फारसं मुरवत नाही. ते शुक नदीतून खाली येतं. म्हणून गावात रिमझिम असतानाही नदी फुगू शकते.

दुसरी बाजू समुद्राची. नदी पुढे विजयदुर्गच्या खाडीला मिळते. एकेकाळी या खाडीतून गलबतं थेट खारेपाटणला येत आणि त्यावरच इथली पेठ वाढली. तीच खाडी आज पुराचं गणित अवघड करते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते. त्या वेळी घाटातलं पाणी पोहोचलं, तर त्याला उतरायला वाट मिळत नाही. भांगाच्या दिवसांत तेवढ्याच पावसाचं पाणी तुलनेने लवकर ओसरतं. म्हणजे रंग तोच, पण परिणाम वेगळा.

मग आठवड्याचा अंदाज कसा वाचायचा? पहिल्या दोन दिवसांवर कामाचं नियोजन करावं, पुढच्या दिवसांकडे केवळ कल म्हणून पाहावं. मे २०२५ पासून हवामान खातं सहा किलोमीटर विभेदनाचं ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ हे प्रारूप वापरतं. त्याआधीचं बारा किलोमीटरचं होतं. चित्र बारीक झालं आहे. तरीही कोणत्या वहाळाला किती पाणी येईल, हे त्यातून थेट कळत नाही. त्यासाठी वैभववाडीकडचा पाऊस, नदीची पातळी आणि भरतीची वेळ या तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज सकाळी हे तीन आकडे लिहिले गेले, तर माल हलवायला काही तास आधी मिळू शकतात.

आणि पाणी ओसरलं म्हणजे प्रश्न संपला, असंही नाही. उंदीर-घुशींच्या मूत्रातून चिखलात, साचलेल्या पाण्यात आलेले लेप्टोस्पायराचे जंतू पायांच्या जखमांतून, भेगांतून शरीरात शिरतात. लक्षणं बहुधा पाच ते चौदा दिवसांत दिसतात. म्हणजे हवामानाचा आठवडा संपतो, तिथे आजाराचा आठवडा सुरू होतो. ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणं, डोळे लाल होणं ही लक्षणं दिसली, तर ‘लावणीचा शीण’ म्हणून अंगावर काढू नका. लघवी कमी होणं किंवा कावीळ दिसणं ही धोक्याची खूण. डॉक्टरांना आधी सांगा, की आपण चिखलात काम केलं होतं किंवा पुराच्या पाण्यातून चाललो होतो. या एका वाक्याने निदान लवकर होऊ शकतं. चिखलात रोज उतरणाऱ्यांनी प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिनबाबत प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावं. गोळी मनाने घेऊ नये, गरोदर महिलांनी तर नाहीच. जखम झाकावी, गमबूट असतील तर वापरावेत, पिण्याचं पाणी उकळावं.

अलर्टचा रंग आकाशाकडे पाहायला सांगतो. खारेपाटणकरांनी त्यासोबत घाटाकडे, खाडीकडे आणि पुढचे दोन आठवडे आपल्या अंगातल्या तापाकडेही पाहायला हवं.