वाट झाकली, पण फाईल बोलते

कार्यालयातील गैरव्यवहाराची कागदपत्रे पत्रकाराला देऊ पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: ‘टॉर’ वापरा, कोणाला पत्ता लागणार नाही. हा सल्ला अर्धाच खरा आहे. टॉर आपला संदेश साधारणपणे तीन संगणकांमधून फिरवून नेते. पाठवणारा कोण आणि संदेश कोठे चालला, या दोन्ही गोष्टी त्यांपैकी एकालाही एकत्र कळत नाहीत. मात्र त्या वाटेने जाणारी फाईल स्वतःविषयी काय सांगते, याच्याशी टॉरला कर्तव्य नसते. टॉरवरून बिटटोरेंट वापरू नका, असे खुद्द टॉर प्रकल्पानेच २०१० मध्ये बजावले होते. बिटटोरेंटची अनेक सॉफ्टवेअर पाठवायच्या संदेशातच वापरकर्त्याचा खरा आयपी पत्ता लिहून मोकळी होत.

जॉन मॅकॅफी हे संगणक सुरक्षेतील मोठे नाव. २०१२ मध्ये बेलीझच्या पोलिसांना चुकवत असताना त्यांचा ठावठिकाणा ग्वाटेमालात उघड झाला. सोबतच्या पत्रकारांच्या नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या छायाचित्राच्या फाईलमध्ये जीपीएसचे अक्षांश-रेखांश तसेच राहिले होते. चूक पाठीराख्यांची, किंमत त्यांची.

रिॲलिटी विनर यांचे प्रकरण अधिक बोलके आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचा एक गोपनीय अहवाल त्यांनी २०१७ मध्ये छापून टपालाने एका वृत्तसंस्थळाकडे धाडला. पडताळणीसाठी पत्रकारांनी त्याची प्रत सरकारलाच दाखवली. कागदावरील घडीवरून तो छापून बाहेर नेल्याचे तपासकर्त्यांनी ताडले. नोंदी पाहता तो छापणारे सहाच जण निघाले. प्रसिद्ध झालेल्या प्रतीवर तर छपाईयंत्राचा क्रमांक आणि वेळ सांगणारे पिवळे सूक्ष्म ठिपकेही तज्ज्ञांना आढळले. विनर यांना पाच वर्षे तीन महिन्यांची शिक्षा झाली. येथे कोणते अनामिक जाळे कामी आले असते?

‘ओनियनशेअर’सारख्या साधनाने फाईल मधल्या कोणत्याही कंपनीच्या सर्व्हरवर न ठेवता थेट देता येते; छायाचित्रातील स्थळ-काळाच्या नोंदीही पुसता येतात. पण गोव्यासारख्या लहान राज्यात एखादी नस्ती तिघाचौघांच्याच हाताखालून जाते. तेथे मजकूर हीच ओळख ठरते. कायद्याचा आधार शोधावा, तर जागल्यांच्या संरक्षणाचा २०१४ चा केंद्रीय कायदा संमत होऊनही अंमलात आलेला नाही. अशा वेळी मूळ कागदाचे चित्र छापण्याचा मोह संपादकाने आवरायला हवा. आशय नव्याने टंकलिखित करून, दुसऱ्या मार्गाने पडताळूनही बातमी देता येते. वेळ लागतो, इतकेच.