ओघसंज्ञा

‘संज्ञा’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी रुळला आहे : नाव आणि शुद्ध. बेशुद्ध माणसास संज्ञाहीन म्हणतात ते त्यामुळेच. आगमातील अर्थ निराळा आहे. तेथे संज्ञा म्हणजे जीवाची उपजत वृत्ती. आहार, भय, मैथुन व परिग्रह या चार संज्ञा दिगंबर व श्वेतांबर दोन्ही परंपरांस परिचित आहेत. स्थानांग व प्रज्ञापना या सूत्रांत मात्र त्यांची संख्या १० आहे. या चारांत क्रोध, मान, माया, लोभ यांची भर पडते आणि शेवटी येतात लोकसंज्ञा व ओघसंज्ञा.

ओघ म्हणजे प्रवाह. ‘बोलण्याच्या ओघात निघून गेले’ या प्रयोगात तोच धागा आहे. वेल भिंतीवर चढते, ती काही विचार करून नव्हे. तिला मनच नाही. तरी ती आधाराकडे वळते. ही ओघसंज्ञा. तिला ‘अबोध मन’ म्हणणे सोयीचे असले तरी नेमके नाही. मानसशास्त्रातील अबोध हा मनाचाच भाग. ओघसंज्ञा मनरहित एकेंद्रियालाही असते. शिवाय भयादी संज्ञा मोहनीय कर्माच्या उदयाने होतात, तर ओघसंज्ञेचे मूळ ज्ञानावरणीय कर्माच्या क्षयोपशमात सांगितले आहे. म्हणजे ती ज्ञानाचीच अत्यंत अंधुक अवस्था होय.

मनुष्यास हा शब्द लावला की तो बोचू लागतो. उपाध्याय यशोविजयजींनी ‘अध्यात्मसार’ ग्रंथात ओघसंज्ञेने वा लोकसंज्ञेने केलेल्या धर्मक्रियेस अननुष्ठान म्हटले आहे. नोटांची गड्डी मोजणारी बोटे गिऱ्हाइकाशी बोलतानाही चुकत नाहीत. पेढीवर ते कौशल्यच. तीच बोटे सामायिकाच्या ४८ मिनिटांत माळेवर फिरतात, मन उधारीच्या खात्यात असते, आणि १०८ मणी बिनचूक पूर्ण होतात. पडिलेहण कशासाठी, असे नातवाने विचारल्यावर ‘सगळे करतात म्हणून’ हे उत्तर मिळाले, तर ती लोकसंज्ञा. असा प्रश्न असू शकतो हेच कोणाच्या ध्यानी आले नसेल, तर ती ओघसंज्ञा.

ओघ सर्वस्वी टाकाऊ नाही, हेही मानले पाहिजे. पाणी गाळून पिण्याची रीत कित्येक घरांत ओघानेच टिकली. शुद्धतेचा आग्रह धरला तर लोक क्रियाच सोडतील व तीर्थ बुडेल, ही भीती यशोविजयजींपुढेही होती. ती त्यांनी मान्य केली नाही. अशुद्धासच आदर देत गेल्यास, एकामागून एक चालण्याच्या रीतीने सूत्रोक्त क्रियाच लोपेल, असे त्यांचे म्हणणे. पाठशाळांतून सूत्रे कंठस्थ होतात, परीक्षा होतात, बक्षिसेही मिळतात. अर्थ मात्र पुष्कळदा ‘पुढे केव्हातरी’ यावर राहतो.