वैद्यकीय चाचण्यांवरील देखरेख : नजर नेमकी कोठे हवी?

स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढण्यापूर्वी ७ ते १० मिनिटे तिच्याभोवती लिडोकेन हे जुने, स्वस्त भूल-औषध टोचले, तर रुग्णाचे आयुष्य वाढते का? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने देशातील ११ केंद्रांनी १,६०० स्त्रियांच्या सहभागातून या प्रश्नाचा शोध घेतला. डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण इंजेक्शन न दिलेल्या गटात ८६.४ टक्के, तर दिलेल्या गटात ९०.१ टक्के होते.

लिडोकेनमध्ये कोणत्याही कंपनीला मोठा नफा नाही. त्यामुळे असा प्रश्न विचारण्याची जबाबदारी रुग्णालये आणि संशोधनसंस्था यांच्यावरच येते. यांना अकादमिक चाचण्या म्हणतात. त्यांचे उत्तर दोन गटांमधील दोन-चार टक्क्यांच्या फरकावर उभे असते. म्हणून तो फरक खरा आहे याची खात्री कशी करायची, हा विज्ञानाचा प्रश्न ठरतो. तो केवळ प्रशासनाचा नाही.

कंपन्यांच्या चाचण्यांतील रूढ पद्धत अशी : मॉनिटर प्रत्येक केंद्रावर जातो आणि चाचणीच्या फॉर्ममधील आकडा न् आकडा केसपेपरशी ताडून पाहतो. हे काम अतिशय खर्चिक आहे. अकादमिक चाचणीला ते परवडत नाही. मग एक तर ते अर्धवट होते, किंवा होतच नाही. पण ते पूर्ण झाले तरी हाती काय लागते? कंपन्यांच्या चाचण्यांच्या २०१४ मधील एका मोठ्या विश्लेषणात, अशा पडताळणीमुळे दुरुस्त झालेली माहिती एकूण माहितीच्या जेमतेम एक टक्का होती.

भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत शिकवला जाणारा भेद येथे उपयोगी पडतो. मापनातील त्रुटी दोन प्रकारच्या असतात. यादृच्छिक त्रुटी कधी वर, कधी खाली जातात आणि मापनांची संख्या वाढली की त्यांचा प्रभाव घटतो. पद्धतशीर त्रुटी मात्र सर्व मापनांना एकाच दिशेने ओढते; हजार वेळा मोजले तरी ती तशीच राहते. एखाद्या रुग्णाचे वजन ५४ ऐवजी ४५ लिहिले गेले, तर ती बहुधा पहिल्या प्रकारची चूक. पण पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरांना आधीच कळत असेल, किंवा एका गटातील रुग्णांचा पाठपुरावा अधिक काळजीने होत असेल, तर सारे केसपेपर बिनचूक असूनही निष्कर्ष चुकीचा निघेल. आकडा न् आकडा ताडण्याच्या पद्धतीचा बहुतांश पैसा पहिल्या प्रकारच्या चुकांवर खर्च होतो.

जोखीम-आधारित देखरेखीचे तत्त्व याच जाणिवेतून आले. चाचणी सुरू होण्यापूर्वीच लिहून ठेवायचे की सहभागींच्या सुरक्षिततेला, हक्कांना आणि मुख्य निष्कर्षाला धोका नेमका कोठून आहे. मग देखरेखीचे बळ तेथे लावायचे. उरलेली माहिती मध्यवर्ती ठिकाणी संख्याशास्त्रीय पद्धतींनी तपासायची. अमेरिकेच्या एफडीएने २०१३ मध्ये या पद्धतीला उत्तेजन दिले. आयसीएचच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ती २०१६ मध्ये आली आणि जानेवारी २०२५ मधील सुधारित आवृत्तीत अधिक दृढ झाली.

पुरावा काय सांगतो? जर्मनीतील 'अडामॉन' अभ्यासाने ११ चाचण्यांमधील केंद्रांची विभागणी करून दोन्ही पद्धतींची तुलना केली. जोखमीनुसार केलेली देखरेख सखोल देखरेखीपेक्षा निकृष्ट ठरली नाही. सखोल पद्धतीत मात्र दुपटीहून अधिक श्रम लागले. तथापि ब्रिटनमधील 'टेम्पर' अभ्यास सावध करतो. आकडेवारीतील इशाऱ्यांवरून संशयास्पद ठरवलेली केंद्रे आणि न ठरवलेली केंद्रे यांच्यात गंभीर दोषांच्या बाबतीत अपेक्षेइतका फरक दिसला नाही. दुरून सारे दिसत नाही, हे मान्य करूनच ही पद्धत स्वीकारली पाहिजे.

शिवाय जोखमीचा नकाशा आयात करता येत नाही. ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीला राष्ट्रीय आरोग्यनोंदींतून रुग्णाच्या मृत्यूची माहिती मिळत होती. भारतात ती बहुधा फोन करूनच मिळवावी लागते. समजा, दिल्लीच्या मयूर विहारमधील दोन स्त्रिया एका चाचणीत सहभागी आहेत. एक मेट्रो स्थानकाजवळच्या सदनिकेत राहते. दुसरी तिथूनच जवळ, यमुनेच्या काठावरील चिल्ला खादरच्या वस्तीत. पत्ता एकाच परिसराचा, पण घर हलले किंवा मोबाइल क्रमांक बदलला की चाचणीतून हरवण्याची शक्यता दुसरीची अधिक. दोघींचा रक्तदाब दहादा ताडण्यापेक्षा दुसरीच्या नातलगाचा पर्यायी क्रमांक घेऊन ठेवणे निष्कर्षाच्या दृष्टीने मोलाचे आहे.

संमतीचे तर प्रत्यक्ष जाऊनच पाहावे लागते. २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदरा येथे राबवलेल्या एचपीव्ही लसीच्या प्रकल्पात, आंध्रमध्ये अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कठोर ताशेरे ओढले. 'सही आहे' एवढेच सांगणाऱ्या संगणकाच्या रकान्याला असा दोष कधीच दिसला नसता.

२०१९ च्या नव्या औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार, आधीच मान्यता असलेल्या औषधाच्या अकादमिक चाचणीला, निष्कर्ष व्यापारी मान्यतेसाठी वापरायचे नसतील तर, सामान्यतः केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागत नाही. एथिक्स कमिटीची मंजुरी पुरते. ही मोकळीक योग्यच आहे. पण त्यामुळे राखणदारीचा भार बहुतांशी संस्थेवर आणि तिच्या कमिटीवर येऊन पडतो. म्हणून प्रत्येक कमिटीने प्रोटोकॉलसोबत एका पानाचा देखरेख-आराखडा मागावा : धोके कोणते, ते कोण पाहणार, किती वेळा, आणि दोष आढळल्यास काय करणार. निधी देणाऱ्या संस्थांनी या कामासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करावी. चाचणी-नोंदणीत हा आराखडा सर्वांना पाहता यावा.

धोका आधी लिहून न ठेवता केवळ भेटी कमी केल्या, तर ती काटकसर होईल, आणि तिला जोखीम-आधारित म्हणणे ही फसवणूक ठरेल. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी चाचणीची बातमी वाचताना रुग्णसंख्या आणि टक्केवारीबरोबरच आणखी एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी : या अभ्यासात चूक कोठे होऊ शकली असती, आणि तेथे कोणाचे लक्ष होते?