अर्धवेळ शिक्षक चालतो. अर्धवेळ विद्यार्थी का नको?

महाशिवरात्रीची यात्रा पांगली, दुकानांच्या राहुट्या उठल्या आणि एस. टी.च्या जादा गाड्या थांबल्या, की मार्कंड्याला पुन्हा नेहमीची शांतता येते. गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यातील हे तीर्थ. येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते आणि तिच्या काठावर सुमारे हजार वर्षांपूर्वीचा मंदिरसमूह उभा आहे. 'विदर्भाचे खजुराहो' असे त्याचे वर्णन नेहमी केले जाते. अशा शांत दिवशी आसपासच्या शाळेतील एखादा कलाशिक्षक दहापंधरा मुलांना घेऊन तेथे येतो. मुले कागद मांडीवर घेऊन बसतात आणि भिंतीवरील मूर्ती काढू लागतात. थोड्याच वेळात प्रश्न सुरू होतात. ही मूर्ती कोणाची? हत्तीवर झेपावणारा हा प्राणी खरा की कल्पनेतला? या बाईच्या अंगाला एवढा बाक कशासाठी? आधी भिंत बांधली की आधी मूर्ती कोरली?

शिक्षकाला छायाप्रकाश दाखविता येतो, प्रमाण दुरुस्त करता येते. मात्र या प्रश्नांची उत्तरे त्याच्यापाशी अनेकदा नसतात. तो दोष त्याचा नव्हे. कला शिक्षक पदविकेने त्याला स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन शिकविले. त्या बळावर तो मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवितो आणि त्या परीक्षांमुळे मुलांना दहावीला सवलतीचे गुणही मिळतात. परंतु मूर्तिशास्त्र, भारतीय कलेचा इतिहास, लोककला, मुलांच्या चित्रांचे मानसशास्त्र हे सारे ज्या पदव्युत्तर पायरीवर भेटावयाचे, ती पायरी त्याच्या वाट्याला आलीच नाही. विसाव्या-बाविसाव्या वर्षी त्याचे शिक्षण थांबले आणि त्यानंतरची तीसपस्तीस वर्षे त्याच शिदोरीवर काढावी लागणार, अशी त्याची स्थिती आहे.

ही पायरी चढावयाची असेल, तर वाट कोणती? राज्याची शासकीय कला महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. मुंबईचे सर जे. जे. कला महाविद्यालय १८५७ सालचे. त्यास २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, ही आनंदाची गोष्ट आहे. गडचिरोलीच्या शिक्षकाला त्यातल्या त्यात जवळचे नागपूर. तेही गडचिरोली शहरापासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, आणि सिरोंचाच्या शिक्षकाला तर साडेतीनशे किलोमीटरांहून दूर. पदव्युत्तर अभ्यासक्रमाची रूढ व्यवस्था दोन वर्षांची आणि पूर्ण वेळेची. हजेरीची अट पाळावयाची, तर नोकरी सोडावी लागते किंवा दोन वर्षांची रजा घ्यावी लागते. अध्ययन रजेची तरतूद सरकारी नियमांत आहे. पण ज्या शाळेत कलेचा शिक्षक एकच, त्या शाळेचा मुख्याध्यापक त्याला दोन वर्षे सोडणार कसा? त्याच्या जागी येणार कोण? शिवाय हाच शिक्षक दुसऱ्यांचे तास सांभाळतो, निवडणुकीच्या कामाला जातो, फलक रंगवितो आणि पाहुणे आले की दारात रांगोळीही काढतो.

तेव्हा तो काय करतो? इतिहासात, मराठीत किंवा समाजशास्त्रात बहिःस्थ विद्यार्थी म्हणून एम. ए. होतो. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. त्यांनी नोकरदारांसाठी मोठे दार उघडले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण घरी बसून पुस्तक वाचता येते; रंग, माती आणि दगड यांचे शिक्षण केवळ टपालाने येणाऱ्या पाठांवर होत नाही. तेथे गुरूची नजर हातावर असावी लागते. परिणामी शिक्षक पदव्युत्तर होतो, परंतु आपल्या विषयात नव्हे. त्याच्या नावापुढे पदवी लागते आणि वर्गातील चित्रकलेचा तास होता तेथेच राहतो.

यातील विसंगती कायद्याच्या पुस्तकात अधिक ठळक दिसते. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक नेमावयाचे आहेत. म्हणजे मुलांना कला शिकविणारा माणूस अर्धवेळ असला तरी चालतो, असे देशाचा कायदाच मानतो. मग हाच माणूस अर्धवेळ शिकू इच्छितो, तेव्हा त्याला पूर्ण वेळेची अट का घालावी? अर्धवेळ शिक्षक चालतो आणि अर्धवेळ विद्यार्थी चालत नाही, हा न्याय कोणता?

उच्च शिक्षणाच्या इतर क्षेत्रांत ही अट केव्हाच सैल झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी पीएच. डी. अर्धवेळ करण्यास मान्यता दिली आहे. नोकरीतील अभियंत्यांसाठी सोयीच्या वेळांचे वर्ग तंत्रशिक्षण परिषदेने मान्य केले आहेत. २०२१ पासून शैक्षणिक श्रेयांक पेढीची योजना आहे. टप्प्याटप्प्याने मिळविलेले श्रेयांक तीत विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा राहतात. म्हणजे शिखरावर अर्धवेळ जाता येते, पण शिखराखालची पायरी मात्र पूर्ण वेळ चढली पाहिजे!

उपाय नवा शोधावयाचा नाही. १९६० च्या दशकात राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयांनी नोकरीतील अप्रशिक्षित शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग आणि पत्रद्वारा पाठ यांची सांगड घालून बी. एड. चालविले. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातील ब्रेड लोफ येथे १९२० पासून इंग्रजीचे शिक्षक उन्हाळ्याच्या सुटीत जमतात आणि चारपाच उन्हाळ्यांत पदव्युत्तर पदवी घेऊन जातात. शिक्षकाची सुटी हीच त्याची विद्यार्थिदशा, हा त्यामागचा साधा विचार आहे.

विदर्भाला हा विचार इतरांपेक्षा अधिक सोयीचा आहे. कडक उन्हाळ्यामुळे आपल्याकडील शाळा राज्याच्या अन्य भागांपेक्षा उशिरा, जून महिना सरत आला असता उघडतात. त्या सुटीतील पाच आठवडे घ्यावेत. आठवड्याचे सहा दिवस आणि दिवसाचे सहा तास काम करावे. एका उन्हाळ्यात १८० तास होतात, तीन उन्हाळ्यांत ५४०. दिवाळीच्या सुटीतील दहा दिवस त्याच हिशेबाने धरले, तर तीन वर्षांत आणखी १८०. असे ७२० तास गुरूसमोर बसून, आणि उरलेल्या काळात आपल्याच शाळेत, आपल्याच गावात केलेले काम. चंद्रपूरच्या मे महिन्यात दुपारी दगडाजवळ उभे राहवत नाही, हे खरे. म्हणून पहाटे मंदिराजवळ रेखांकन, दुपारी छपराखाली इतिहास आणि सिद्धान्त, संध्याकाळी हातकाम, अशी वाटणी करता येईल.

हे केंद्र या दोन जिल्ह्यांतच का असावे? एक कारण व्यावहारिक आहे. पाच आठवडे घरापासून दूर राहणे कोणालाच सोपे नसते. शिक्षिकांना तर फारच अवघड जाते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. अभ्यासाचे साहित्य येथेच पडले आहे. मार्कंड्याची शिल्पे आहेत, भद्रावतीची विजासन लेणी आहेत, चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट आहे. माडिया गावांत मृतांच्या स्मरणार्थ उभे केलेले दगड आहेत. दिवाळीनंतर गावोगावी रंगणारी झाडीपट्टीची नाटके आहेत, त्यांच्या मंडळ्यांचे वडसा-देसाईगंज हे मोठे केंद्र आहे. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. कलाशिक्षकाने तीन वर्षांत यांपैकी एकेका विषयाची मोजमापे घेतली, रेखाचित्रे केली, जाणत्या म्हाताऱ्यांना विचारून टिपणे तयार केली, तर जिल्ह्याच्या कलेचा जो दप्तरखाना आज नाही, तो आपोआप उभा राहील.

वारली चित्रकला जगापुढे आली, त्यात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांचा मोठा वाटा होता. एक जाणता डोळा गावात गेला आणि जे घराच्या भिंतीवर होते, त्याची किंमत बाहेरच्यांना कळली. गडचिरोलीत असा डोळा बाहेरून येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. येथील कलाशिक्षक रोज त्याच गावात असतो, त्याच मुलांमध्ये वावरतो. त्याला केवळ जाणता करावयाचा आहे.

काही आक्षेप येतील. पहिला असा, की अर्धवेळ पदवी म्हणजे पातळ पदवी. वरील तासांचा हिशेब हे त्याचे एक उत्तर. परीक्षा, प्रदर्शन आणि प्रबंधिका यांचे निकष पूर्णवेळ विद्यार्थ्यांचेच ठेवावेत, हे दुसरे. दुसरा आक्षेप असा, की शिक्षक वेतनवाढीसाठी येतील. येऊ द्यावेत. पोटासाठी शिकणे हा काही गुन्हा नव्हे. मार्कंड्याचे पाथरवटही मजुरीवरच काम करीत असतील. अट एवढीच असावी, की प्रबंधिका स्वतःच्या शाळेविषयी किंवा परिसरातील कलेविषयी असेल आणि तिची एक प्रत शाळेत राहील. तिसरा आक्षेप खर्चाचा. पण सुटीत वसतिगृहे आणि वर्गखोल्या रिकाम्याच असतात, आणि बदली शिक्षक नेमण्याचा प्रश्न येत नाही. खरा खर्च अध्यापकांच्या मानधनाचा आणि अंशकालीन निदेशकांच्या शुल्कमाफीचा. जो शासनाच्या हिशेबी पुरता नोकरही नाही, त्याच्याकडून पूर्ण शुल्क घेणे शोभणारे नाही.

एक आक्षेप मात्र मनापासून मान्य केला पाहिजे. सुटी ही शिक्षकाची आणि त्याच्या कुटुंबाची असते. ती प्रशिक्षणांनी आधीच बरीच खाल्ली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे. म्हणून हा अभ्यासक्रम ऐच्छिक असावा आणि तो करणाऱ्याला त्या वर्षीच्या अन्य प्रशिक्षणांतून सूट असावी. एकाच माणसाची सुटी दोनदा घेऊ नये.

गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठीच स्थापन झाले. 'विद्यापीठ आपल्या गावात' या उपक्रमाने त्याने पदवीचे शिक्षण गावापर्यंत नेण्याची वाट धरली आहे. त्यामुळे विद्यार्थ्याच्या सोयीची वेळ ही कल्पना त्याला अपरिचित नाही. १९६५ पासून कला संचालनालय राज्याचे कलाशिक्षण सांभाळीत आहे. या दोघांनी एकत्र बसावे. नागपूरच्या कला महाविद्यालयाने मार्गदर्शक अध्यापक द्यावेत आणि पहिल्या तुकडीत वीसपंचवीस शिक्षक घ्यावेत. त्याहून मोठी सुरुवात करण्याची गरज नाही.

मार्कंड्याची मंदिरे ज्यांनी कोरली, ते पाथरवट आधी शिकून मग कामाला लागले नव्हते. छिन्नी चालविता चालविताच ते शिकले आणि आपल्या हाताखालच्यांना शिकवीत गेले. त्यांच्या कामासमोर बसून मुलांना चित्र काढायला शिकविणाऱ्या माणसाला आज आपण सांगतो की, शिकावयाचे असेल तर काम सोड. हे सांगणे थांबवावयाचे असेल, तर निर्णय दिवाळीपूर्वी व्हावा लागेल. कारण मान्यता, वेळापत्रक आणि प्रवेश यांना चारसहा महिने लागतात. तो लांबला, तर आणखी एक उन्हाळा वाया जाईल, आणि पुढल्या शिवरात्रीनंतर मार्कंड्याच्या ओट्यावर बसलेली मुले तेच प्रश्न पुन्हा विचारतील.