बॉनेट न उघडणारी समीक्षा

एमपीएफआय मारुती 800 चे 796 घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरचे इंजिन उतरवायचे आणि त्या जागी 1990 च्या दशकातील एखाद्या एस्टीमचे 1298 घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे, कार्ब्युरेटरवर चालणारे इंजिन बसवायचे, हा उद्योग फारसा शहाणपणाचा नाही. गाडी पेट्रोल अधिक पिते, धूर अधिक सोडते, आणि लहान गाडीसाठी बेतलेले ब्रेक मोठ्या इंजिनाच्या वेगाला पुरे पडत नाहीत. कायद्यालाही हे चालत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपुस्तकातील तपशील मूळ निर्मात्याच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले आहे. हे सगळे आम्हांला मान्य आहे. तरीही अशा उद्योगाकडे पाहून मराठी साहित्यव्यवहारातील माणसे ज्या दोन प्रतिक्रिया देतात, त्या आम्हांला मूळ उद्योगाहून अधिक अडाणी वाटतात.

पहिली प्रतिक्रिया हळहळीची: जग कुठे चालले आहे आणि हे लोक अजून कार्ब्युरेटरला कवटाळून बसले आहेत! दुसरी कौतुकाची: काय हे जुगाड, काय ही अस्सल ग्रामीण प्रतिभा! या दोहोंत विरोध आहे असे वरवर वाटते, परंतु दोन्हींत बॉनेट बंदच राहते.

ते उघडले तर काय दिसते? फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला विजेचा पंप साधारण 3 बार दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. किती पेट्रोल, कोणत्या क्षणी, हे ईसीएम नावाची बंद पेटी ठरवते. तिला क्रँक, थ्रॉटल, धुरातला ऑक्सिजन यांच्या बातम्या सेन्सर पुरवतात. कार्ब्युरेटरला बातम्यांची गरज नसते. हवा अरुंद गळ्यातून जाते, तिचा वेग वाढतो, दाब उतरतो, आणि जेटमधून पेट्रोल आपोआप ओढले जाते. तेव्हा एक काढून दुसरे बसवणाऱ्याला नुसते नट-बोल्ट फिरवून भागत नाही. विजेचा पंप तसाच ठेवला तर फ्लोटची सुई तो दाब सोसत नाही आणि पेट्रोल ओसंडते. म्हणून कॅमशाफ्टवर चालणारा यांत्रिक पंप घ्यावा लागतो. ठिणगीचा क्षण ठरवायला ईसीएम उरत नाही; म्हणून डिस्ट्रिब्युटर आणावा लागतो. एक व्यवस्था मोडून दुसरी उभी करायची तर दोन्ही मुळातून कळाव्या लागतात. साहित्याच्या वर्गात याला आपण भाषांतर म्हणतो आणि त्यावर परिसंवाद भरवतो. गॅरेजमध्ये याला जुगाड म्हणून मोकळे होतो.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न हौसेपुरता नाही. परळीला रेल्वे निजामाच्या काळापासून होती, पण खुद्द बीड शहरात गाडी आली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. तोवर मांजरसुंब्याचा घाट काय, धारूरचा घाट काय, माणसे वाहिली ती एसटीने आणि काळ्या-पिवळ्या जीपांनी. या जीपांची पेट्रोल इंजिने उतरवून त्यांत डिझेल इंजिने चढवणाऱ्यांनी त्याला क्रांती म्हटले नाही. परवडत नव्हते, म्हणून बदलले. गाडी जिथे बंद पडेल तिथेच ती खोलता आली पाहिजे, हा त्या व्यवहाराचा एकमेव सिद्धांत. जेटमध्ये कचरा अडकला तर जेट काढून तोंडाने फुंकर मारता येते. ईसीएमला फुंकर मारता येत नाही. (मराठी विभागांच्या सहली अंबाजोगाईला मुकुंदराजांच्या समाधीला आणि दासोपंतांची पासोडी पाहायला जातात. ग्रंथ कागदाऐवजी कापडावर उतरला याचे सर्वांना कौतुक वाटते. वाटेतल्या गॅरेजसमोर मात्र सहल थांबते ती पंक्चर झाले तरच.)

आता देशीवादाकडे वळू. 'टीकास्वयंवर' 1990 साली आले, 1991 साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि तेव्हापासून देशी काय व परके काय हा वाद आपल्या चर्चासत्रांचे इंधन झाला आहे. नेमाड्यांच्या मांडणीत परकीयाचे देशीकरण होते, ही प्रक्रिया मान्यच आहे. नंतरच्यांनी मात्र ती प्रक्रिया सोडली आणि वंशावळ धरली. अमुक कल्पना कोठून आली, कोणत्या साहेबाने आणली, एवढ्यावर निकाल. या न्यायाने कार्ब्युरेटर आणि इंजेक्शन दोघेही सारखेच परके. मग 'रेस धरत नाही', 'मिसिंग मारते', 'पिकअप नाही', 'चोक ओढ', 'इंजिन खोलले' ही मराठी आली कोठून? क्रियापदे पाहावीत: धरणे, मारणे, ओढणे, खोलणे. हाताने करायच्या क्रिया आहेत या. जी वस्तू हाताने खोलता आली, तिच्याभोवती भाषा जमली. इंजेक्शनच्या गाडीबद्दल ऐकू येते ते एकच वाक्य: 'लाइट लागली, स्कॅनर लावावा लागेल.' आमचे म्हणणे असे की देशीपणाची कसोटी उगमात नाही, उघडता येण्यात आहे. ही कसोटी लावली तर आपल्या चर्चासत्रांतील पुष्कळ अस्सल देशी माल बंद पेट्यांचा निघेल.

ग्रामीण साहित्यानेही या बाबतीत हात आखडता घेतला आहे. आनंद यादवांची 'गोतावळा' (1971) ही थोर कादंबरी. तीत ट्रॅक्टर येतो आणि माणूस-जनावरांचा गोतावळा मोडतो. ते दुःख खरे होते आणि यादवांनी ते खरेपणाने लिहिले. आमची तक्रार त्यांच्यामागून आलेल्यांविषयी आहे. पन्नासहून अधिक वर्षे उलटली, तरी आमच्या वाचनातल्या ग्रामीण कथा-कादंबरीत यंत्र अजून वेशीबाहेरून येणारे संकटच आहे. दरम्यान ट्रॅक्टरच गोतावळ्यात सामील झाला. त्याच्या आजारपणाची चर्चा पारावर होते. नाराबाचा नातू फिटर झाला असेल, ही साधी शक्यता कोणास सुचू नये? मर्ढेकरांच्या कवितेत यंत्र आले, सुर्व्यांच्या कवितेत गिरणी आली. पण ते शहर होते. खेड्यातल्या माणसाच्या हाताला ग्रीस लागले की तो समीक्षेच्या दृष्टीने ग्रामीण राहत नाही आणि शहरीही होत नाही. तो दिसेनासाच होतो.

यावर कोणी म्हणेल, तुम्ही कार्ब्युरेटरचे स्मरणरंजन करता आहात. मुळीच नाही. उलट कार्ब्युरेटर हरणार हे बीडच्या उसातच लिहिलेले आहे. दिवाळीच्या आगेमागे कोयते निघतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजायचा, मुकादमाची उचल घ्यायची आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जायचे. त्या उसापासून साखर होते आणि इथेनॉलही होते. 2025 पर्यंत देशाच्या पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांवर गेले. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण पातळ होते. इंजेक्शनची गाडी धुरातला ऑक्सिजन मोजून आपला हिशेब सुधारते. कार्ब्युरेटर मोजत नाही, त्याला मोठा जेट लागतो. शिवाय जुन्या गाड्यांची रबरी नळी आणि सील इथेनॉलने खराब होतात ते वेगळेच. म्हणजे गावाने तोडलेला ऊस गावातल्याच जुन्या गाडीची नळी खातो. एप्रिल 2020 मध्ये बीएस 6 आल्यापासून बहुतेक नव्या दुचाकींतही इंजेक्शन आहे. फिटरला ही लढाई जिंकायची नाही. त्याला पेटीत काय चालले आहे ते कळले पाहिजे, इतकेच.

आणि पेटी स्वभावतः बंद नसते, ती बंद ठेवली जाते. ईसीएममधले दोष-संकेत वाचता येतात. ते कोणाला वाचू द्यायचे हे कंपन्या ठरवतात. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये समिती नेमली, त्यात वाहने आणि शेतीची अवजारे दोन्ही विचारात घेतली गेली. वाचण्याचा हक्क कोणाचा, अर्थ लावण्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नांवर आपल्या विभागांतून गेली तीसेक वर्षे बार्थ आणि देरिदा यांच्या नावाने प्रबंध लिहिले जात आहेत. त्यांतल्या एकाही प्रबंधकाराला हा प्रश्न आपल्या तालुक्याच्या गावी, बसस्थानकाबाहेर, तेलकट गोणपाटावर सुट्या भागांसह मांडून ठेवलेला आहे असे वाटले नाही.

'साहित्याच्या पानावर हे इंजिन कशाला?' असे विचारणाऱ्यांना आमचा उलट प्रश्न आहे. पुढच्या सत्रात मातीतल्या साहित्यावर निबंध वाचायला आपण ज्या गाडीने जाल, ती घाटात मिसिंग मारू लागली, तर तिला काय होते आहे हे मराठीत सांगता येईल का?